चंद्रीला विचारायचं राहिलं होतं

रविवारी मरोद्याला मामाकडे गेले आणि चंद्रीने मला सरळ नापास केलं... चंद्री म्हणजे मामाची म्हातारी गाय.

मामा रेल्वेतून रिटायर झाला तेव्हापासून दोन गायी पाळतो. वस्तीतल्या सगळ्यांच्या गायी राऊत बाबा रोज सकाळी चरायला न्यायचे. या वर्षी बाबांचे गुडघे गेले आणि चंद्रीचं जेवणच गेलं.

दुसरी गाय लाली, ती गव्हाणीत टाकलेलं सगळं संपवते. चंद्रीला बांधून खायची सवयच नाही. नुसती फाटकाकडे बघत उभी... बरगड्या दिसायला लागल्या.

मामा म्हणाला, "दिवाळीपर्यंत पाहतो. नाही तं वर्ध्याले मेव्हण्याकडे पाठवून देतो, तिथं चराई तरी आहे." बोलला आणि उगाच चष्मा पुसत बसला.

मग काय, मी पेटले! घरामागे मुरमाड तुकडा रिकामाच होता. सेक्टर ६ मधल्या माझ्या घरी बसून महिनाभर व्हिडिओ बघितले, एक्सेल शीट बनवली... गवताची उंची, प्रोटीन, वर्षात किती कापण्या. नेपियर गवत सगळ्यात टॉप. पावसाळा लागताच शेणखत टाकून कांड्या लावल्या.

रविवारी ओपनिंग. गवत माझ्या डोक्याएवढं, एकदम जंगल! राऊत बाबांनाही बोलावून बांधाजवळ खाटेवर बसवलं.

चंद्रीला सोडलं... ती आत शिरली, चार ठोंब तुडवले, एका पानाला हिसका दिला तर अख्खा ठोंब मुळासकट वर! तो तिथेच टाकला आणि बाई चालत्या झाल्या.

"इंजिनियर बाई, नारळ फोडू काय आता?" मामाने संधी सोडली नाही.

बाबा मात्र हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "गाय ला पूछे हस, नोनी?" गायीला विचारलंस का, पोरी... माझ्या शीटमध्ये तो कॉलमच नव्हता.

"ये काट के खिलाने का चारा है. चरने का अलग होता है. चुपचाप उसके पीछे चल."

गेले. चंद्री फिरत फिरत बाबांच्या खाटेजवळ बांधावर आली आणि बुटक्या, बारीक काड्यांच्या गवतात तोंड घातलं. करकर करकर... शेंडे तोडत होती, मुळं जागेवरच. अर्धा तास हललीच नाही.

मामा वाकून बघायला लागला. "अवं, हे तं मारवेल! आमच्या गावाकडं बांधाबांधावर राहते." इतके दिवस रोज त्यावरूनच चालत होता!

आता अर्ध्या तुकड्यातलं नेपियर ठेवलंय, ते कापून लालीला. उरलेल्या अर्ध्यात बांधावरच्या मारवेलची रोपं लावून राहिलो. ती मुळं धरेपर्यंत चंद्री बांधावरच चरणार, दोरी लावून.

पण रोज दोरी धरणार कोण? बाबाच म्हणाले, "मैं हूँ न. खाट पे बैठे-बैठे चरा दूँगा, उसमें घुटने का क्या काम?" चंद्री त्यांच्या पायापाशीच चरत होती... तिला गवत आवडलं की बाबा भेटले म्हणून खाल्लं, मला अजून कळलेलं नाही.

रविवारीच संध्याकाळी वर्ध्याहून मेव्हण्याचा फोन आला, गाय न्यायला गाडी कधी पाठवू? मामा इतक्या जोरात बोलला की लालीने मान वर केली. "कावून? कोन चाल्लं कुठं?"

शीटमध्ये सगळ्यात पहिला नवा कॉलम टाकलाय... 'चंद्री काय म्हणते?' आणि थँक यू राऊत बाबा, तो कॉलम वाचायला तुम्हीच शिकवलंत.