पावसातला व्हिडिओ
गडबच्या बाबाजी म्हात्र्यांची हयात मुंबईकरांना फार्महाऊसचे प्लॉट विकण्यात गेली. त्यामुळे मुलगा नितेश बालीत बंगला घेऊन पर्यटकांना भाड्याने द्यायचं म्हणाला, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

रामवाडीच्या हॉटेलात एजंटाने मोबाइलवर बंगला दाखवला. लख्ख ऊन, पुढे निळंशार पाणी. इतकं निळं पाणी बाबाजींनी फक्त जाहिरातीच्या कागदावर पाहिलं होतं, आणि ते कागद त्यांनीच छापून घेतलेले.

"पावसातला व्हिडिओ हाय का?"

एजंट हसला. "पावसात कोण दाखवतं, काका?"

"कुणीच नाय," बाबाजी उठत म्हणाले. "मीपण मे महिन्यातच दाखवायचो. जुलैत तिथं जायला होडी लागायची. चल रे नितेश."