तिसरा ताण

गच्चीवर चढले की मामा राम राम नंतर म्हणायचे. आधी तिथला पाइप दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचे आणि वर बघत म्हणायचे, “वारं काय इचारून येत न्हाई, मालक.”

तुमच्याही गावात असा एखादा असेल. आमच्या दिंद्रुडात आधी टीव्हीचे आणि पुढे इंटरनेटचे अँटेने उभे करायचे ते या साऱ्या गावाच्या मामांनीच. अंगावर मांस नाही, पण चहा कपात नाही, तांब्यात मागणार! त्यांचा एकच कायदा. वीस फुटांपर्यंत पाइप एकटा उभा राहतो, त्याच्यावर गेला की तीन बाजूंनी तारेचे ताण पाहिजेत. सरपंचाच्या घरीही त्यांनी ताणाशिवाय एकवीस फूट केले नाहीत.

माझं ऑनलाइन कामाचं दुकान. शेजारी थोरल्या भावाचं घर. वाटणीत जिना कुणाचा, एवढ्यावरून आमचा अबोला. त्यात दादाने वरचा मजला चढवला, माझ्या अँटेन्याच्या आड भिंत आली आणि माझं नेट गेलं. गिऱ्हाईक माजलगावची वाट धरू लागलं. दुकान बंद पडायची पाळी आली.

मामा म्हणाले, चाळीस फूट पाइप लागेल. दोन ताण माझ्या गच्चीवर बसत होते, तिसरा नेमका दादाच्या गच्चीवर पडत होता. मी म्हटलं, दोनावरच भागवा. आणि अगदीच हवा असेल तर दादाला तुम्हीच विचारा.

मामांनी शांतपणे तार गुंडाळली आणि पायरीवर बसून चहा मागवला.

“हूक मी ठोकीन. इचारायचं ज्याचं त्यानं.”

हा त्यांचा दुसरा कायदा मला तेव्हा कळला. ताण दुसऱ्याच्या घरावर जात असेल, तर मालकाने स्वतः जाऊन विचारायचं. मी लई चिडलो. पण दुकानापुढे अकड चालत नाही, गेलो.

दादा ओसरीवर बसला होता. मी भिंतीकडे बघत काय ते सांगून टाकलं. तो उठून अंगणात आला आणि वर गच्चीकडे बघू लागला. मग म्हणाला, “कठड्याला काहून बांधतो बे? कठडा कच्चा हाय. पिलरला बांध.”

 वहिनीने चहा टाकला, तेव्हा कुठे मी तोंड वर केलं.

मामांनी जाताना बजावलं, वळवाच्या आधी दोघांनी आपापल्या गच्चीवरून ताण आवळायचे, एकट्याने आवळले तर पाइप कलतो. दरसाल ते स्वतः बघायला यायचे. आम्ही भाऊ पान्हे घेऊन उभे आणि मामा मधोमध मुकादम! चहा दोन्ही घरांचा प्यायचे.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. दादा आणि मी एकाच गाडीवर मातीला गेलो.

आता दुकानात फायबर आलं आहे. पाइपाला काडीचं काम नाही. दादाला हे माहीत आहे, कारण त्याच्या घरातही माझंच नेट चालतं. मीही यंदा पाइप उतरवायचं मनात आणलं होतं. परवा आभाळ भरून आलं आणि पलीकडून दादाची हाक आली.

“वर ये बे. ताण ढिला पडलाय.”

मी पान्हा घेऊन वर गेलो.