भाताच्या दाण्याएवढा मोती

संगमेश्वरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत जनी नांदायला आली तेव्हा ती अगदीच कोवळी होती. वाडीच्या माथ्यावर कातळाचा सडा, उघडा सपाट माळ. पावसाळा सरला की सासू तिला गुरं देऊन सड्यावर पाठवायची. तिथं एका दुपारी ऊन कलताना जनीला पश्चिमेला काहीतरी दिसलं. डोंगरांमागे डोंगर, त्यांच्याही पलीकडे एक चकाकती रेघ, कुणी चांदीची तार ताणून बांधावी तशी. बघता बघता ती आभाळात विरघळून गेली.

घरी येऊन तिनं नवऱ्याला, आप्पांना, सांगितलं की आज समुद्र दिसला. आप्पा हसले. समुद्र काय एवढा जवळ आहे का, ती उन्हाची वाफ, म्हणाले. जनीला पटलं नाही. तेव्हापासून गुरं चरायला सोडली की ती एका ठरलेल्या दगडावर बसायची, पश्चिमेकडे तोंड करून. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ असलं तर रेघ दिसे, नाहीतर नाही. दिसली की जनीला उगाच बरं वाटायचं. आपल्या दारावरून गेलेला वहाळ वळणं घेत घेत शेवटी तिथं पोचत असेल, असं मनात यायचं, आणि मग गुरं कुठं गेली याचंही भान राहायचं नाही.

असं करता करता सगळा जन्म गेला. सासू गेली, मुलगा स्वरूप मोठा होऊन मुंबईला लागला, त्याचं लग्न वाडीतच मांडव घालून झालं. जनी देवरूखच्या बाजाराला गेली, संगमेश्वरला लग्नामुंजीला गेली, त्यापुढं कधी गेली नाही. कुणी कुठं चल म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं, गुरांना कोण बघणार? आणि ते खोटंही नव्हतं.

दोन हजार एकच्या मे महिन्यात स्वरूप बायकोला आणि मुलीला घेऊन सुट्टीला आला. सून दीपाली गुणाची होती. तिनंच विषय काढला की आईंनी समुद्र बघितलेला नाही, यंदा सगळ्यांनी मिळून जायचं. स्वरूपनं ट्रॅक्स ठरवली, शेजारच्या धोंडूला दोन दिवस गुरांचं करायला सांगितलं, आणि जनीच्या हातात काही सबबच उरली नाही. आप्पा मात्र कुरकुरत होते. त्यांनी मुंबईच्या गोदीत काही वर्षं काढली होती. समुद्र म्हणजे पाणी, त्यात बघायचं ते काय, असं त्यांचं म्हणणं. पण नात आर्या त्यांचा हात सोडीना, तेव्हा तेही डोक्याला टोपी घालून गाडीत बसले.

निवळी फाट्यावरून गाडी आत वळली. आंब्याच्या बागा मागे पडल्या, वाऱ्याला वेगळाच वास यायला लागला, आणि एका उतारावर समोरचं आभाळ एकदम खाली आलं. जनीला आधी कळलंच नाही, की तो खालचा निळा भाग आभाळाचा नाही. कळलं तेव्हा तिनं पदर सारखा केला, देवळात शिरताना करतात तसा.

किनाऱ्यावरच्या गणपतीचं दर्शन झालं. मग मालगुंडच्या बाजूला, जिथं गर्दी कमी होती, तिथं सुरूच्या सावलीत त्यांनी चादर पसरली. भाकरी आणि लसणीची चटणी खाऊन झाली. स्वरूप, दीपाली आणि आर्या पाण्यात गेली. आप्पा समुद्राकडे पाठ करून, बुंध्याला टेकून डोळे मिटून बसले. जनी नुसती बघत राहिली. लाट यायची, वाळूवर पसरायची, परत जायची. तिला वाटलं, हे कुणीतरी जोत्यावर सारवण घालतंय, आणि सारवून होतंय न होतंय तोच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतंय. बघता बघता तिचाही डोळा लागला. झोपेत तिला तिची खाचरं दिसली, सगळी पाण्याखाली. पाण्यातच भात उभं होतं, वाऱ्यावर डोलावं तसं डोलत होतं, आणि त्यातून मासे फिरत होते. भीती अशी वाटली नाही. ती बांधावर उभी राहून कुणाची तरी वाट बघत होती.

आर्यानं ओल्या हातांनी तिला हलवून उठवलं. पलीकडे एक बाई शिंपल्यातून मोती काढून देते, आपणही घेऊ या, असा तिचा हट्ट चालला होता.

सुरूच्या बनाच्या टोकाला ताडपत्रीचं छप्पर होतं. खाली निळ्या टबात पाणी आणि पाण्यात शिंपले. उमाताई नावाची चाळिशीतली बाई ते चालवत होती. नवरा राजाभाऊ आंब्याच्या बागायतीत गुंतलेला, म्हणून सुट्टीच्या दिवसांत तिनं हे काढलं होतं. शिंपले लांबच्या किनाऱ्यावरून आणलेले, मोती आत मुद्दाम धरवलेलाच असतो, तो कसा निघेल ते मात्र कुणालाच सांगता येत नाही, असं तिनं सरळ सांगितलं. तिच्या बोलण्यात फसवाफसवी नव्हती.

आर्यानं लगेच सगळ्यांत मोठ्या शिंपल्यावर बोट ठेवलं. पण स्वरूप म्हणाला की यंदाची सुट्टी आजीची आहे, आजीच निवडेल.

जनीनं बांगड्या मागं सारल्या आणि हात पाण्यात घातला. पाणी उन्हानं कोमट झालं होतं. एकेक शिंपला हाताखालून जाऊ लागला, खरखरीत, गुळगुळीत, धारदार कडांचा. ती बघत नव्हती. नजर समोर होती, पण समोरचंही काही दिसत नव्हतं. भोवतीची माणसं, त्यांचं बोलणं, सगळं लांब गेलं होतं. बराच वेळ गेला तशी दीपाली हळूच म्हणाली, की आई, कुठलाही घ्या. तेवढ्यात जनीचा हात एका ठिकाणी थांबला. का थांबला, ते तिला नंतरही कधी सांगता आलं नाही. वर आला तो बेताचाच, एका बाजूनं वाकडा शिंपला होता. आर्याचा चेहरा उतरला.

उमाताईनं सुरीचं टोक घालून शिंपला उघडला. आतला लिबलिबीत गोळा बघून आर्या मागं सरकली. उमाताई जनीला म्हणाली, "मावशी, अंगठ्यानं चाचपून बघा. तुमचा आहे, तुम्हीच काढा."

जनीनं अंगठा ठेवला, हळूहळू फिरवला. मऊ, मऊ, आणि मग एकदम टणक काहीतरी.  लोंबीत दूध भरतं, आणि एके दिवशी तोच दाणा नखाला टणक लागतो, तेव्हा भात पिकू लागलं म्हणून जीव भांड्यात पडतो. अगदी तसंच अंगठ्याला लागलं. तिनं दाबलं आणि मोती तळहातावर आला.

तो गोल नव्हता. लांबुडका, एका टोकाला निमुळता, भाताच्या दाण्याएवढा. रंग राखाडी, पण हात हलवला की त्यातून गुलाबी झाक सरकून जायची.

उमाताईलाच वाईट वाटलं. असा क्वचित निघतो, म्हणाली, आणि दुसरा शिंपला निवडायला सांगितलं, वेगळे पैसे न घेता. दीपालीही म्हणाली, घ्या आई दुसरा. जनीनं मूठ मिटली आणि मान हलवली.

"ह्योच ऱ्हाऊंदे," ती म्हणाली.

उमाताईनं मग आर्याला जवळ घेऊन मोती कसा होतो ते सांगितलं. कण आत जातो, तो टोचतो, शिंपला त्यावर थरावर थर चढवतो. आणि जुनी माणसं सांगायची, की स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो.

स्वातीचं नाव निघालं आणि जनीची मूठ आणखी घट्ट झाली.

स्वरूप रांगत होता त्या वर्षीची गोष्ट. भात असं आलं होतं, की बांधावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. कापून आडवं केलं, वाळलं की उचलायचं, एवढंच राहिलं होतं. आणि दिवाळीच्या तोंडावर स्वाती लागली. संध्याकाळी घाटाकडून काळं आभाळ चढून आलं, गडगडलं आणि कोसळलं. एक दिवस नव्हे, रोज. खाचरांत पेंढ्या तरंगल्या. पाऊस थांबला तेव्हा कापलेल्या लोंब्यांनाच हिरवे कोंब फुटलेले होते. आप्पा बांधावर बसून राहिले, जेवायलासुद्धा उठेनात. त्यानंतरच ते मुंबईला गेले, गोदीत हमालीला. पुढं कित्येक वर्षं फक्त शिमग्याला आणि गणपतीला दिसायचे. नांगराला माणूस मिळवणं, लावणी, कापणी, आजारी सासू, पोर, सगळं जनीनं एकटीनं ओढलं. तिनं पुष्कळ सोसलं होतं, पण रोष धरला तो फक्त त्या पावसावर. दरवर्षी स्वाती लागली की ती आभाळाकडे बघायचीसुद्धा नाही.

संध्याकाळी स्वरूप आणि दीपाली आर्याला घेऊन कुल्फी आणायला गेली. जनी आणि आप्पा चादरीवर दोघंच उरली. पाण्यावर पिवळा उजेड पसरला होता आणि सगळंच, माणसं, कुत्री, होड्या, त्या उजेडात तरंगल्यासारखं दिसत होतं. जनीनं मूठ उघडून आप्पांना मोती दाखवला.

"ती बाई सांगत व्हती, स्वातीच्या थेंबाचा मोती व्हतो," ती म्हणाली. "त्या साली आपल्या वरनं ढग गेलं, ते हिकडंच आलं असतील. आपलं भात कुजवून जो उरला, तो पाऊस हितं पडला असंल."

आप्पांनी मोत्यावरून बोट फिरवलं. मग दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी समुद्राकडे तोंड केलं.

"गोदीत असताना मी ह्याच्याकडं पाठ करून भाकरी खायचो," ते म्हणाले.

"का ओ?"

"तुला वरनं रेघ दिसायची ना. मला वाटायचं, तू सड्यावर बसून बगतेस. मग घास उतरायचा नाय."

जनीनं त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे समुद्र होता हे यांना ठाऊक होतं. मग परत आल्यावरही वाफ, वाफ म्हणून का सांगत राहिले, असं तिनं विचारलं. आप्पा टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, की समुद्र आहे म्हटलं असतं, तर आज ना उद्या तिनं विचारलं असतं, तिकडं काय होतं, कसे दिवस काढले. ते सांगायची त्यांची छाती नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांनी थोडं सांगितलं. सगळं नाही. गोदीतल्या धक्क्यावर अंथरूण टाकून झोपायची जागा, पाठीवर उमटलेले वळ, घरून आलेला माणूस भेटला की त्याच्या कपड्यांना येणारा धुराचा वास. जनी ऐकत होती. मध्येच लाटेच्या आवाजात एखादा शब्द बुडायचा, तो तिनं पुन्हा विचारला नाही.

वाडीत परत आल्यावर दीपालीनं मोती देवरूखच्या सोनाराला दाखवला. अंगठीत बसवावा, आर्याला होईल, असा तिचा विचार. सोनार म्हणाला, वाकडा आहे, भोक पाडायला गेलं तर फुटेल. म्हणून तो जनीपाशीच राहिला. दिवाळीत भात घरी आलं, तेव्हा पुढच्या वर्षीचं बियाणं पेंढ्यात गुंडाळून त्याची मुडी बांधताना तिनं तो चिंधीत बांधून आत घातला. कुणाला सांगितलं नाही. तिला वाटलं, दाण्यासारखा आहे, दाण्यांतच बरा.

पुढल्या मे अखेरीला, आभाळ येण्याआधीच्या धूळपेरणीच्या दिवसांत, जनी तापानं पडली. आप्पांनी एकट्यानं मुडी सोडली आणि रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजून ठेवलेल्या जमिनीच्या तुकड्यात, दाढीत, बी फेकलं. चिंधीची गाठ कधीच सुटली होती. दुसऱ्या दिवशी जनीनं उठून मुडीच्या पेंढ्यात हात घातला तो रिकामी चिंधीच हाताला लागली.

तिनं सांगितलं तेव्हा आप्पा तसेच उठले, चाळण घेऊन दाढीत गेले आणि उकिडवं बसून मातीची ओंजळ ओंजळ चाळायला लागले. राखेत, मातीत, भाताच्या दाण्यात भाताच्या दाण्याएवढा मोती. जनी भिंतीला धरत मागून गेली. बांधावर बसली. आप्पांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"ऱ्हाऊंदे आता," ती म्हणाली. "रुजवा मोडंल."

आप्पा थांबले. चाळणीतली माती त्यांनी सांभाळून परत जागेवर टाकली, तळव्यानं सारखी केली. मग तेही तिच्याशेजारी बांधावर येऊन बसले. उजेड होता तोवर दोघं त्या राखाडी जमिनीकडे बघत होती.

रोपं आली, लावणी झाली. दाढीतली रोपं उपटून सगळ्या खाचरांत गेली, तेव्हा त्यांच्या मुळांना चिकटून तो कुठल्या खाचरात गेला, की तिथंच खाली राहिला, कुणास ठाऊक. आर्यानं गणपतीच्या सुट्टीत मोती मागितला, तर जनीनं तिला शेत दाखवलं. पोरगी दिवसभर बांधाबांधांनी वाकून वाकून बघत फिरली आणि तिला त्यातच मजा आली.

त्या वर्षी भात घरात आल्यावर, एका सकाळी आप्पांनी गोठ्यातूनच विचारलं, "काय गो, येतेस का समुद्राला?" धोंडूला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. दोघं चालत खाली उतरली आणि संगमेश्वरला एसटीत बसली. आप्पांनी तिला खिडकी दिली.

किनाऱ्यावर सुट्टीची गर्दी नव्हती, ताडपत्रीचं छप्परही उतरवलेलं. ओहोटी लागली होती आणि ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं. आप्पांनी धोतर खोचलं, वहाणा काढल्या, आणि ते पाण्यात चालू लागले. गुडघ्याइतक्या पाण्यात पोचल्यावर वळून उभे राहिले आणि त्यांनी तिच्याकडे हात केला. जनीनं लुगडं वर खोवलं आणि ती निघाली. पहिली लाट पायांवरून गेली तेव्हा पायाखालची वाळू सरकली, तशी ती हसली, आणि आप्पांचा हात धरायला पुढं झाली.