वाघोबाचं कार्ड
खोडाळ्याच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात तापलेल्या लॅमिनेशनचा वास आला आणि माझं डोकं परत फिरलं. मी जव्हारला वसतिगृहात राहून कॉलेज करत होते, तेव्हाची गोष्ट. शहरातून एक सर शिबिरात आम्हाला खेळ शिकवायला आले होते. खेळात आम्ही वीर व्हायचं, फासे टाकायचे आणि राक्षस मारायचे. प्रत्येक राक्षसाचं एक कार्ड; वर नाव, खाली चिलखत, जीव, हल्ले आणि अगदी तळाला तो मारल्याचे गुण. "हे खास तुमच्यासाठी केलंय," म्हणत सरांनी माझ्या हातात एक लॅमिनेट केलेलं गुळगुळीत कार्ड ठेवलं. नाव होतं वाघोबा. वाघबारशीला ज्याला शेंदूर लावून आम्ही 'गुरं सांभाळ' म्हणतो, तो आमचा देव! चिलखत बारा, जीव साठ, मारल्यावर पाचशे गुण. शिबिरात आमचा स्वयंपाक करणाऱ्या, चुलीपाशी भाकऱ्या थापत बसलेल्या मावशींना वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी हाताचं नागलीचं पीठ झटकलं आणि सरांना विचारलं, "आन तो आमची गुरां राखतो, त्याचं किती?" सर हसले. "मावशी, तसा रकाना नसतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कार्ड फाडायला गेले, तर ते फाटेना; नुसतं वाकायचं आणि सोडलं की परत सरळ. आज दुकानदारानं माझ्या हातातल्या, वर्गात लावायच्या तक्त्याकडे बघत विचारलं, "मॅडम, लॅमिनेट करू?" मी म्हटलं, "नको. यात काही चुकलं असेल, तर फाडता आला पाहिजे."