पहिली बादली त्यांचीच

तुमसरच्या बाजारात आमच्या दुकानाशेजारी एका काकांची विम्याची एजन्सी आहे. गिऱ्हाईक आलं की आधी पंखा त्याच्याकडे वळवतात. मार्चात समोरचं भांड्यांचं दुकान पेटलं, तेव्हा पहिली बादली यांनीच ओतली. दुसऱ्या दिवशी दुकानदार क्लेम टाकायला आला. यांनी पंखा वळवला.

"एप्रिल लागू द्या ना जी. घाई कायले?"

"सारा माल गेला जी! उद्या काय विकू?"

तो गेल्यावर मी भडकलो, "काका, काहून अडवलं त्याले?"

"मार्चपर्यंत क्लेम कमी राहिले तरच कंपनी बोनस देते. ऑफिसचं भाडं त्याच्याच भरोशावर धरलं हाये, बाबू."

असल्या बोनसवर कोणत्याच एजन्सीने भाडं धरू नये. माणूस वाईट नाही, म्हणूनच सांगतो. त्या दिवसापासून त्यांनी टेबल फिरवून घेतलंय. जळकं दुकान आता पाठीमागे येतं.