शनिवारचा खोकला

एलरॉय मासार्टने आमच्या गावच्या धक्क्यावर एकतीस उन्हाळे मासे उकडले. दर शनिवारी संध्याकाळी धक्क्यालगतच्या, सरोवराकाठच्या बागेत तो लाकडांच्या जाळावर मोठा हंडा चढवायचा. आधी बटाटे, मग कांदे, शेवटी जाळीच्या टोपलीतून पांढरा मासा, आणि मीठ इतकं की बघणाऱ्याच्या तोंडाला कोरड पडावी. पोहून आलेली मुलं टॉवेल गुंडाळून बसायची. होड्या बांधून आलेली माणसं पायांची वाळू न झटकताच बाकांवर जागा धरायची. माशाचं तेल फेस होऊन वर आलं की एलरॉय मनातल्या मनात क्रूसाची खूण करून जाळावर डबाभर रॉकेल फेकायचा. भडका उडायचा, हंडा उतू जायचा आणि तेलकट फेस सगळा बाहेर पडायचा. निम्मे लोक त्या भडक्यासाठीच येत. पण भडका कधी करायचा, यातच सगळी कला. घाई झाली तर मासा कच्चा, उशीर झाला तर लगदा.

माणूस सत्तरी ओलांडलेला, अंगाने ओंडक्यासारखा आणि बोलायला फटकळ. हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावर भोक पाडून गळ टाकून बसायचा. कसं चाललंय विचारलं, तर म्हणायचा की अजून बर्फाच्या वर आहे, खाली गेलो की कळवतो.

तीन वर्षांपूर्वी त्याची नजर मधोमध काळवंडायला लागली. कडेचं दिसे, समोरचं दिसेना. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गुडघ्याचं निमित्त करून त्याने गाडी चालवणं सोडलं, पण हंडा सोडवेना. हंडा गेला तर शनिवारी मी करू काय, असं तो बायकोला, रमोनाला म्हणाला. हे मला रमोनानेच सांगितलं. ती माझी सव्वीस वर्षांपासूनची शेजारीण. धक्क्यावर येताना माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात बटाटे उकडून आणते, त्याला माशाचा हात लागू देत नाही. दर रविवारी ती चर्चमध्ये एलरॉयच्या डोळ्यांसाठी मेणबत्ती लावायची. मीही सांजवात करताना त्याचं नाव घेत होते.

शेवटी दोघांनी एक तोड काढली. रमोना हंड्याच्या पलीकडे उभी राहायची आणि फेस वर आला की एकदा खोकायची. खोकला ऐकला की एलरॉय रॉकेल फेकायचा. दोन उन्हाळे असे निभावले.

गेल्या जुलैत मात्र या शनिवारच्या जेवणाची व्यवस्था बघणाऱ्या कमिटीचा ड्वेन गॅसची शेगडी आणायचं बोलू लागला. शेजारच्या गावातून पगारी आचारीही बोलवू म्हणाला. तेव्हापासून एलरॉयला घास गोड लागेना.

मग एका शनिवारी मासा हंड्यात सोडून चारच मिनिटं झाली होती. वारा फिरला आणि सगळा धूर रमोनाच्या तोंडावर आला. तिने पदर धरावा तसा एप्रनचा काठ तोंडाशी धरला, पण खोकला निसटलाच.

एलरॉयने रॉकेल फेकलं.

तेवढ्यात वारा पुन्हा उलटला आणि भडका त्याच्याच अंगावर झुकला. हंडा उतू गेला, जाळ अर्धा विझला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्वेनने टोपली वर ओढून एका तुकड्यात काटा घातला. आत मासा कच्चा होता. टाळ्या हळूहळू थांबल्या.

चूक माझी, असं सांगायला रमोना पुढे झाली. एलरॉयने हात आडवा करून तिला थांबवलं. वाऱ्यावर ढकलता आलं असतं, त्याने ढकललं नाही.

"मला फेस दिसत नाही, ड्वेन. दोन वर्षं झाली."

"ठाऊक आहे," ड्वेन म्हणाला. "तुझ्या बायकोला फक्त शनिवारी खोकला येतो, तोही सातच्या सुमाराला. कधीतरी तूच सांगशील म्हणून गप्प बसलो होतो."

बाकांवरून कोणीतरी म्हणालं की आम्ही तर त्या खोकल्यावर घड्याळ लावतो. लोक हसले. एलरॉयला मात्र हसू आलं नाही.

"मग माझा हंडा काढून घ्यायला का निघाला होतास?"

"हंडा नव्हतो काढत. तू पेटशील एखाद्या दिवशी, ही भीती होती. भुवया चाचपून बघ, आहेत का जागेवर."

एलरॉयने चाचपल्या. एक अर्धीच उरली होती. रिकामा डबा त्याने खाली ठेवला. मग म्हणाला, "ओंडके आण."

ड्वेनने ओंडके आणले. पुन्हा पाणी चढलं, पुन्हा मीठ पडलं, टोपली आत गेली. तासभर गेला, पण कोणी उठून गेलं नाही. या खेपेला रमोना हंड्यापलीकडे गेली नाही. वाऱ्याकडे पाठ येईल असं त्याला उभं करून, त्याचं कोपर धरून शेजारी थांबली. आडून करायचं काही उरलंच नव्हतं. फेस काठाशी आला तशी ती सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता, एलरॉय."

मासा त्या दिवशी अंमळ खारट झाला होता म्हणे. दुसऱ्यांदा मीठ घालताना त्याने कोणाला विचारलं नव्हतं. ड्वेनने दोनदा वाढून घेतला.