समोरच्या घरातलं आयर्लंड

फुटबॉलमधलं मला तेव्हाही काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली आणि दोन लिंबं मांडून मला कितीदा तरी समजावलं आहे. मी मान डोलावते आणि लिंबं उचलून फ्रिजमध्ये ठेवते. तरी आयर्लंडचा सामना झाला असं कळलं की मी अजून निकाल बघते. बहुतेक वेळा हरलेलेच असतात. वाचते, फोन बाजूला ठेवते आणि स्वतः नव्वद मिनिटं धावल्यासारखी दमते.

हे दुखणं समोरच्या घरातून आलं. सिंगापुरात सेरंगूनला आम्ही एका जुन्या कॉंडोमध्ये भाड्याने राहायचो. मजल्यावर दोनच फ्लॅट, मध्ये लिफ्ट. समोर पन्नाशीचं एक आयरिश जोडपं होतं. तो एका इंटरनॅशनल शाळेत शिकवायचा, ती फिजिओथेरपिस्ट होती. मुलं मोठी होऊन तिकडेच राहिलेली. लिफ्टमध्ये भेटलो की आम्ही हवेबद्दल बोलायचो. सिंगापुरात हवेबद्दल बोलण्यासारखं कधीच काही नसतं, तरी बोलायचो.

२०१२ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत एकदा पहाटे त्यांच्या घरातून गाणं ऐकू आलं. पंधरा-वीस माणसं जीव तोडून गात होती. मुलीला ताप होता, म्हणून मी जागीच होते. मला वाटलं, यांना कप मिळाला. सकाळी ऑफिसला निघाले तर लिफ्टमध्ये ती उभी. डोळे लाल, अंगात हिरवी जर्सी तशीच. मी मनापासून तिचं अभिनंदन केलं.

"फोर-निल," ती म्हणाली.

"वॉव!"

"फोर स्पेनला. निल आम्हाला."

मला लिफ्टमध्ये लपायला जागा असती तर मी लपले असते. पण राहवलं नाही, विचारलंच, की मग गात का होतात? तिने खांदे उडवले. शेवटची दहा मिनिटं उरली होती, जिंकणं काही शक्य नव्हतं, स्टेडियममधली आपली माणसं गायला लागली, मग आम्हीही गायलो, म्हणाली. दुसरं काय करणार?

त्या दिवशी एमआरटीच्या डब्यात दांड्याला लोंबकळत मी याचाच विचार करत होते. आमच्याकडे भारत हरायला लागला की वडील टीव्ही बंद करून झाडांना पाणी घालायला जायचे. आणि मागे राहिलेले लगेच शोधायला लागायचे, की विकेट पडली तेव्हा जागेवरून कोण उठलं होतं, खोलीत नेमकं कोण आलं होतं. आमच्याकडे हरणं कोणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय पचत नाही.

सासरी ते नाव माझं होतं. आमचं लग्न झालं आणि दोन आठवड्यांच्या आत सासरे गेले. हृदयविकार, आधीपासून होता, गोळ्या चालू होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी तेराव्याच्या दिवशी काकू, म्हणजे सासऱ्यांच्या भावाची बायको, पंगतीत वाढता वाढता म्हणाली, "पायगुण असतो हो एकेकीचा." माझ्या हातात आमटीचं भांडं होतं. सासूबाई स्वतः असं कधीच बोलल्या नाहीत. पण त्यांनी ते खोडूनही काढलं नाही. नंतर नवऱ्याची पुण्यातली नोकरी गेली, पहिल्या खेपेला माझं मूल राहिलं नाही, घराला गळती लागली. प्रत्येक वेळी कोणी काही बोलायचं नाही आणि प्रत्येक वेळी मला ते ऐकू यायचं. सिंगापूरची संधी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं आम्ही पैशासाठी चाललो. मी त्या न बोललेल्या बोलण्याला कंटाळून निघाले होते.

२०१६ च्या जूनमध्ये सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या. डिसेंबरात धाकट्या दिराचं लग्न होतं. लग्नाआधी देवक बसवतात, तेव्हा मुलाचे आईवडील पाटावर बसतात. वडील नसले की थोरला भाऊ आणि वहिनी. म्हणजे आम्ही दोघं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "देवकाला काका-काकूंना बसवावं म्हणते. तुमचं काय, इकडून धावतपळत येणार, रजा मिळाली तर मिळाली."

"रजा मिळेल, आई," मी म्हटलं.

त्या मेथी निवडत राहिल्या. रजेचा प्रश्न नव्हता हे दोघींना ठाऊक होतं.

रात्री नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. दोन तासांचा तर विधी." त्याचं खरं होतं. पण मला तो पाट हवा होता. साडी नको होती, मान नको होता, कोणी माफी मागायलाही नको होती. सगळ्यांसमोर मला त्या पाटावर बसवावं आणि काही वाईट होऊ नये, एवढंच हवं होतं. एका बँकेत हिशेब तपासणारी, दोन देशांचे कर भरणारी बाई मी, आणि माझा जीव एका लाकडी पाटात अडकला होता. स्वतःची चीड यायची.

त्याच आठवड्यात पुन्हा युरो चालू होता. आयर्लंडचा इटलीशी सामना आमच्या पहाटे लागला. समोर गलका चाललेला, सासूबाईंची नव्या जागेत आधीच झोप उडालेली, आणि माझी तिमाहीअखेर. मी गाऊनवर ओढणी घेतली आणि आवाज कमी करा म्हणून सांगायला गेले. दार उघडंच होतं. मी उंबरठ्याच्या आत एक पाऊल टाकलं आणि गोल झाला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. एका दाढीवाल्या माणसाने मला उचललं. समोरच्या बाईने माझे दोन्ही गाल धरून मुका घेतला. सामना संपत आला होता, तो गोल झाला नसता तर ते स्पर्धेबाहेर होते, हे मला मागाहून कळलं. "तू आलीस आणि गोल झाला!" सगळे ओरडत होते. आवाज कमी करा हे माझ्या तोंडातच राहिलं. घरी आले तर सासूबाई हॉलमध्ये बसलेल्या. मी हसत हसत काय झालं ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू गेलीस म्हणून?" बस्स, एवढंच.

पुढचा सामना रविवारी फ्रान्सशी होता, आमच्या रात्री नऊला. शनिवारी समोरची बाई दारात हजर. मी यायलाच हवं, सगळ्यांनी यायला हवं, आजींनीसुद्धा. माझ्याशिवाय सामना सुरूच करणार नाहीत, असंही म्हणाली. मी हसले. आजवर माझ्या पायांनी काय काय वाईट झालं ते ऐकत आले होते. आता त्याच पायांनी चांगलं करून दाखवायचं होतं. मला दोन्हीचा सारखाच वीट आला होता.

रविवारी मी कोथिंबिरीच्या वड्या तळायला घेतल्या आणि मुद्दाम रेंगाळले. "आई, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," असं म्हणून सासूबाईंना, नवऱ्याला आणि मुलीला पाठवून दिलं. सामना सुरू झाला आणि लगेच नवऱ्याचा मेसेज आला, आयर्लंड एक-शून्य, पेनल्टी मिळाली. मी गॅस बंद केला आणि ओट्यापाशी स्टुलावर बसले. बरं वाटलं. माझ्याशिवाय जिंकत होते, म्हणजे मला जायची गरज नव्हती. आयर्लंडने तशीच आघाडी टिकवावी आणि मला या स्टुलावर राहू द्यावं, असं मी देवाला चक्क म्हटलं.

मध्यंतरात समोरची बाई स्वतः आली. वड्यांचं ताट तिने उचललं आणि मला दंडाला धरून नेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई सोफ्याच्या टोकाला, मांडीवर पर्स घेऊन, रंगलेल्या दिसल्या. कोणीतरी त्यांच्या गळ्यात हिरवा मफलर घातला होता आणि त्यांनी तो काढला नव्हता.

दुसऱ्या डावात थोड्याच वेळात फ्रान्सने गोल केला. खोलीभर एक सुस्कारा. तो विरायच्या आत दुसरा गोल. मग आयर्लंडच्या एका खेळाडूला लाल कार्ड मिळालं आणि तो मान खाली घालून बाहेर गेला. मी भिंतीला पाठ लावून उभी होते.

आणि त्या शांततेत सासूबाई नवऱ्याकडे वळून, नेहमीच्या आवाजात, म्हणाल्या, "एवढं छान चाललं होतं. ही आत आली आणि झालं."

अकरा वर्षांत पहिल्यांदा ते त्यांच्या तोंडून ऐकलं. नवरा पुतळ्यासारखा बसला. मुलीने टीव्हीवरची नजर काढली नाही. समोरच्या बाईने मला विचारलं, "आजी काय म्हणतायत?"

मी काहीही सांगू शकले असते. वड्या छान झाल्यात म्हणतायत, असंही चाललं असतं. अशी भाषांतरं मी आयुष्यभर करत आले होते. पण मी इतकी थकले होते की खोटं जुळवायलाही जोर नव्हता. मी इंग्रजीत सांगून टाकलं. त्या म्हणतायत की मी आले म्हणून तुम्ही हरताय. आमच्याकडे असं मानतात. माझं लग्न झालं आणि दोन आठवड्यांत माझे सासरे गेले, तेव्हापासून.

मग तिच्या शिक्षक नवऱ्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "हरायला आमच्या टीमला तिचे स्वतःचे पाय पुरतात. तुझे कशाला लागतील?" सगळे हसले. ती हसली नाही. ती थोडी सरकली, सोफ्यावर आपल्या बाजूची जागा थोपटली आणि म्हणाली, "इथे येऊन बस. अजून अर्धा तास हरायचंय."

"काय म्हणाली?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणाली, इथे येऊन बस, अजून अर्धा तास हरायचंय."

मी जाऊन बसले. अर्धा तास आम्ही हरलो. एक माणूस कमी असलेली ती टीम धावत राहिली, आणि मला फुटबॉलमधलं काही कळत नसूनही कळत होतं की आता काही होणार नाही. शिट्टी वाजली. कोणीतरी हळू आवाजात गायला लागलं, मग सगळे. समोरच्या बाईने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ती रडली, चांगली हुंदके देऊन. मी तिला धरून बसले. मग मलाही रडू आलं. आयर्लंडसाठी नव्हतं, पण तिथे ते खपून गेलं.

निघताना तिने सासूबाईंनाही मिठी मारली. सासूबाई हात कुठे ठेवावेत हे न कळून अवघडून उभ्या राहिल्या.

घरी आलो. नवरा मुलीला झोपवायला आत गेला. मी रिकामं ताट घासायला घेतलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, मफलर अजून गळ्यातच.

"हरले ना ते?"

"हो."

"मग ती तुझ्या गळ्यात पडून का रडत होती?"

"हरले म्हणून."

त्यांनी मान हलवली. कळलं म्हणून की नाही, मला सांगता येणार नाही. मी ताट पुसत होते. जाऊन झोपावं असं वाटत होतं, कोणाशी काही बोलू नये, कोणी काही समजावू नये.

"हे गेले, त्या दिवशी तू स्वयंपाकघरात होतीस," त्या म्हणाल्या. "ओट्याला टेकून. चुडा वाजू नये म्हणून हाताने धरून ठेवला होतास."

मला आठवत होतं. हे कोणी पाहिलं असेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

"मी पाण्याला आत आले होते. तुला बघितलं. तशीच मागे फिरले."

नळ गळत होता, मी तो घट्ट बंद केला.

"देवकाला तुम्ही दोघंच बसा," त्या म्हणाल्या. "काकूला मी सांगते."

हे शब्द ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते, आणि आता ऐकले तर आनंद होण्याइतकं माझ्यात काही उरलं नव्हतं. पाटाची भीतीच वाटली. मी त्यांच्याकडे न बघता विचारलं, "आणि नंतर काही झालं तर? कोणी पडलं, कोणी आजारी पडलं, कोणाचं काही बिनसलं तर?"

काही होणार नाही, असं त्या म्हणतील असं मला वाटलं. पण सासूबाईंना उगाच बोलायची सवय नाही. त्यांनी खराच विचार केला.

"होईलही," त्या म्हणाल्या. "पण मी मागे नाही फिरणार."